उलट्या पिनेचा उन्हाळा

मला उन्हाळ्याचा राग नाही. वर्धा जिल्ह्यात जन्मून उन्हाळ्यावर रागवायचं म्हणजे स्वतःच्या घराच्या भिंतीशी भांडत बसायचं. मला राग आहे तो कूलर निघाले की अचानक शहाण्या होणाऱ्या माणसांचा. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या गल्लीत या वर्षीचा पहिला कूलर निघाला. समोरच्या बँकवाल्या काकांनी तो माळ्यावरून उतरवला, अंगणात आडवा पाडून धुतला, बाजूच्या ताट्यांमधलं मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसून रस्त्यावरच टाकलं आणि नवं भरलं. ओल्या गवताचा वास माझ्या स्वयंपाकघरात आला. त्याच दुपारी काकांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. वर लिहिलं होतं, 'कूलर करंट मारतो? फक्त पिन उलटी करा! आपल्याच वर्ध्याच्या मॅडम सांगत आहेत.' खाली अंगठ्यांची रांग.

व्हिडिओतली मॅडम मी आहे.

तो व्हिडिओ मी दोन वर्षांपूर्वीच माझ्या चॅनेलवरून काढून टाकला. पण त्याच्या आधीच कोणा हौशी माणसाने त्याचा मधला तुकडा कापून ठेवला होता आणि त्यावर नाचरं संगीत चढवलं होतं. आता दर वर्षी ताट्या बदलायच्या दिवसांत तो तुकडा माझा चेहरा घेऊन माझ्याच दारात येतो. मी काकांना लिहिलं की कृपा करून हे काढा, यात जिवाला धोका आहे. काकांचं उत्तर आलं, 'मॅडम, तुम्ही फारच नम्र आहात.' मी फोन पलंगावर फेकला. अशा माणसाला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वडनेरहून कुंदाताईचा फोन आला. ताई माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. दोन उन्हाळे तिच्या घरात कूलर लागलेला नाही.

"निमा, यंदा कूलर लावाचा आहे. तू येजो."

"भाऊजी काय म्हणतात?"

"त्याइचं काय घेऊन बसली व! मी म्हणून राह्यली ना. येजो."

ताईचा उजवा हात दोन वर्षांपासून अर्धा मिटलेला आहे. तो माझ्या त्या व्हिडिओमुळे मिटला. या दोन वर्षांत तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण त्याआधी माझा प्रत्येक व्हिडिओ पाहून झाला की तिचा फोन यायचा, शंका असायच्या, भांडण असायचं, ते सगळं बंद झालं. ती आता मला काहीच विचारत नाही. मी सांगितलेल्या गोष्टीवर माझी बहीण पुन्हा कधी विश्वास ठेवेल की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. बाकी लाखो लोकांचा विश्वास चुलीत घाला.

आम्ही दोघी आर्वीकडच्या रोहणा गावच्या. आमच्याकडे चौदा एप्रिलची मिरवणूक आटोपली की बाबा कूलर काढायचे, त्याच्या आधी कितीही तापलं तरी नाही. हिरवा रंग दिलेल्या जाड पत्र्याचा तो कूलर बाबांनी आर्वीहून टेम्पोत घालून आणला होता. पंखा सुरू झाला की घरातल्या भांड्यांना कंप सुटायचा. टाकी भरायचं काम ताईचं. विहिरीचं पाणी, दोन बादल्या, दुपारचं ऊन, आणि मी मागे मागे लिंबाच्या सावलीपुरती. त्या कूलरला करंट होता. त्या काळी गावात ज्याच्याकडे कूलर होता त्याच्या कूलरला करंट होता, आणि त्याचं कोणाला फार वाटत नसे. शेजारची कुत्री चावते, तसं कूलर करंट मारतो.

आईने ताईला एक सवय लावली होती. पाणी ओतायच्या आधी, कूलर चालू असो की बंद, पत्र्याला उलटा हात लावून पाहायचा. तळहात नाही, हाताची पाठ. ताईने ती सवय मला लावली.

"उलटा लाव."

"काऊन?"

"काऊन-फाऊन नाई. लाव म्हटलं ना."

माझ्या तळहातावर तिने एक चापटी दिली होती, ती मला अजून आठवते. उलटाच हात का, याचं कारण तिला माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं. मी बीएस्सीला गेल्यावर मला ते कळलं. करंट लागला की हाताचे स्नायू आखडतात. तळहात पत्र्यावर असला तर मूठ वळते आणि पत्रा धरून ठेवते, सोडवता येत नाही. हाताची पाठ असली तर आखडणारा हात पत्र्यापासून दूर ओढला जातो. सुट्टीत घरी आल्या आल्या मी हे ताईला सांगितलं. तिचं तेव्हा वडनेरला लग्न होऊन गेलं होतं, माहेरपणाला आली होती, मेथी निवडत होती. ती निवडायची थांबली. "म्हंजे माय बरोबर सांगे?" असं म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दहावीनंतर जिचं शिक्षण थांबवलं गेलं त्या बहिणीला मी फिजिक्सचं एक वाक्य सांगितलं आणि तिला आपली आई बरोबर होती एवढं कळलं. माझ्या सगळ्या धंद्यातला तेवढा एकच क्षण मला बिनतक्रार आवडतो.

धंदा म्हणायचंच झालं तर तो टाळेबंदीत सुरू झाला. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवत होते. म्हणजे मुलं कोचिंगला शिकायची आणि माझ्याकडे हजेरी लावायला यायची. कॉलेज बंद पडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून उभा केला आणि माठातलं पाणी गार काऊन होते ते सांगितलं. आपल्या भाषेत सांगितलं, कारण घरात बोलताना मला दुसरी येत नाही. चॅनेलचं नाव 'काऊन?' असंच ठेवलं. मग कुकरची शिट्टी, हिंगणघाटच्या रस्त्यावर दुपारी दिसणारं खोटं पाणी, कापसाच्या ढिगात शिरलं की ऊब काऊन वाटते. लोक पाहू लागले. पाहू लागले तसे बोलूही लागले. 'मॅडम, माहिती चांगली आहे, पण जरा शुद्ध भाषेत बोललात तर बरं.' 'बाईने करंटच्या नादी लागू नये.' 'आमच्या आजोबांना हे आधीच माहीत होतं.' माहीत होतं तर आजोबांनी सांगितलं का नाही, असं मी एकदा लिहिलं होतं, त्यावर मला उर्मट ठरवण्यात आलं. मी उर्मट आहेच, त्यासाठी वेगळा ठराव करायची गरज नव्हती.

पण शिव्यांपेक्षा मला कौतुकाने जास्त छळलं. नोकरी सोडल्यावर सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, शिट्टी मारणारा माइक, आणि बॅनरवर माझा फोटो इतका गोरा करून छापलेला की मलाच ओळख पटेना. प्रत्येक ठिकाणी सूत्रसंचालक शेवटी म्हणायचा, "मॅडम, ते करंटवालं सांगा ना!" कारण माझे सगळे व्हिडिओ एकीकडे आणि करंटवाला एकीकडे. माठाच्या व्हिडिओला मी चार दिवस राबले होते. करंटवाला एका दुपारी हसत हसत केला. लोकांनी उचलून धरला तो करंटवाला.

त्यात होतं तरी काय? आपल्याकडे घराघरात होणारी एक गोष्ट होती. कूलरला तीन पिनांचं डोकं येतं. घरच्या बोर्डात ते बसत नाही, मग त्यातली जाड पिन तोडून टाकायची. ही जाड पिनच कूलरच्या पत्र्याला जमिनीशी जोडून आपला जीव वाचवणार असते, पण ती बोर्डात जात नाही ना, मग तोडा. उरलेल्या दोन पिना लावल्यावर कूलर करंट मारू लागला की घरातलं कोणीतरी जाणतं माणूस म्हणतं, पिन उलटी करून लाव. आणि नवल म्हणजे करंट खरंच जातो. मी त्या व्हिडिओत तो काऊन जातो ते सांगितलं. दोन तारा असतात, एक वीज आणते, एक परत नेते. पंख्याच्या मोटारीत कुठेतरी आवरण झिजून पत्र्याला वीज लागते. ती जागा आणणाऱ्या तारेजवळ असली तर पत्रा चावतो. पिन उलटी केली की तीच जागा नेणाऱ्या तारेजवळ येते, मग पत्रा गप्प बसतो. हे मी दोन रंगांच्या दोऱ्या घेऊन दाखवलं. मग चालू कूलरच्या पत्र्यावर धाडकन तळहात ठेवला आणि म्हटलं, "पाहा, गेला का नाई करंट?" आणि हसले. शेवटी हेही म्हटलं की बाप्पा, हा इलाज नाही, अर्थिंग करून घ्या. तो शेवट कापणाऱ्याने कापला. पण खरी चूक त्या शेवटात नव्हती, ती मी पुढे सांगते. कापणाऱ्यावर सगळं ढकलायची मला दोन वर्षं सवय होती, आता नाही.

वडनेरच्या घरी ताईच्या कूलरला करंट होता. भाऊजींनी व्हिडिओ पाहिला, पिन उलटी केली, हात लावून पाहिला, करंट गेला. भाऊजींनी तो व्हिडिओ शेजारी चार जणांना दाखवला. "माही साळी आहे," असं म्हणाले असतील, अभिमानाने. पंधरा दिवस कूलर गुण्यागोविंदाने चालला. मग एका दुपारी ताईला वाटलं, पाणी वर चढत नाही, पंपात कचरा अडकला असेल. ताई निष्काळजी बाई नाही. तिने आधी खोलीत जाऊन कूलरवरचं बटण बंद केलं. मग घराच्या मागच्या अंगाला, खिडकीबाहेर गेली. पाय अनवाणी, जमीन ओली. तिने टाकीत हात घातला, आणि दुसऱ्या क्षणी तिची मूठ पत्र्याच्या कडेवर मिटली ती सुटेना.

कारण पिन उलटी असताना कूलरचं बटण वीज आणणारी तार तोडत नाही. ते नेणारी तार तोडतं. म्हणजे वीज आत येत राहते आणि तिची परत जायची वाट बंद होते. मग ती मोटारीतून पत्र्यात उतरते आणि कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जायची वाट पाहते. उलट्या पिनेचा कूलर चालू असताना गरीब गाय आणि बंद केला की जिवंत. जो काळजी घेऊन बटण बंद करेल त्यालाच तो मारतो. हे मला माहीत होतं का? कागदावर मांडलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण व्हिडिओत मी कूलर चालू ठेवून तळहात ठेवला, कारण पंख्याच्या वाऱ्याने केस उडतात आणि ते बरं दिसतं. बंद करून मी एकदाही हात लावून पाहिला नाही. एवढीच माझी चूक, आणि ती शाळेतल्या पोरानेही करू नये अशी आहे.

शेजारच्या बाईने ताईची किंकाळी ऐकली, ती धावत खोलीत गेली आणि पिनच ओढली, म्हणून ताई वाचली. तिला सावंगीला भरती केलं. मी पोचले तेव्हा भाऊजी दवाखान्याच्या पडवीत उकिडवे बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू म्हणाले, "तुमचाच व्हिडिओ पाहून केलतं मी." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "शेवट पाह्यला नाई का तुम्ही? अर्थिंग सांगतलं होतं मी शेवटी." बहीण आत पडलेली आणि मी व्हिडिओच्या शेवटाची बाजू मांडत होते. भाऊजींनी मान खाली घातली. त्या माणसाने त्यानंतरही मला घरात येऊ दिलं, यात त्यांचा मोठेपणा आहे, माझा काही नाही.

तळहाताची जखम भरली. दोन बोटं मात्र सरळ होत नाहीत, आत वळलेली राहतात. भाकरी ती आता डाव्या हाताने थापते.

मी चुकीची कबुली देणारा नवा व्हिडिओ केला. दोऱ्या घेऊन पुन्हा सगळं दाखवलं, या वेळी बटणासकट. तो कोणी पाहिला? पिन उलटी करणाऱ्यांनी नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी लिहिलं, 'मॅडम, आधी एक सांगता, आता एक सांगता, काय ते ठरवा.' कोणीतरी लिहिलं, 'आमची पिन तीन वर्षांपासून उलटी आहे, काही होत नाही.' त्या माणसाला मी चार वेळा उत्तर दिलं. चौथ्यांदा त्याने मला हसणारं तोंड पाठवलं. एप्रिल लागला की मला त्याचं ते पिवळं तोंड आठवतं आणि त्याच्या घरी टाकीत पाणी कोण भरत असेल, ते माणूस डोळ्यांपुढे येतं. त्याची बायको असेल, नाहीतर आई. तो स्वतः नक्कीच भरत नसेल.

तर परवा मी वडनेरला गेले. बसच्या खिडकीतून येणारा वारा चुलीतल्यासारखा, शेतं नांगरून उघडी पडलेली, रस्त्यावर पुढे तेच खोटं पाणी चमकत होतं, ज्याच्यावर मी कधीकाळी व्हिडिओ केला होता. पिशवीत टेस्टर, नवी तीन पिनांची वायर, तीन भोकांचं सॉकेट. भाऊजींनी माझ्या सांगण्यावरून आठवड्यापूर्वीच वायरमन बोलावून घरामागे खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घेतलं होतं. तरी मी ते पुन्हा तपासलं. वायरमनवर माझा विश्वास नाही. माझ्यावरही नव्हता, म्हणून दोनदा तपासलं.

ताई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून पाहत होती. दोन वर्षं खिडकीला ओली चादर बांधून त्या माणसांनी उन्हाळे काढले होते. चादरीचे खिळे अजून चौकटीत होते. मी ताट्या बसवल्या, पाणी भरलं, कूलर चालू केला, टेस्टर लावला. बंद केला, पुन्हा लावला. पिन काढून, घालून, परत दोन्ही वेळा पाहिलं. टेस्टरचा दिवा एकदाही लागला नाही. हे सगळं करताना मी तिला समजावून सांगत होते, ही जाड पिन काय करते, तार कुठून कुठे जाते. माझा आवाज व्हिडिओतल्यासारखा होतो आहे हे मला ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

"झालं का तुह्यं सांगून?" ताई म्हणाली.

"झालं."

"त्या दिवशी मी बटण बंद केलतं, तुले माहीत आहे."

"माहीत आहे, ताई."

"पण उलटा हात नाई लावला मी. हे कोणालेच नाई सांगतलं, याइलेबी नाई. माय गेली तेव्हापासून एक दिवस नाई चुकवला मी. रोज लावो. तुहा व्हिडिओ पाह्यला अन् सोडून देल्लं." ती मिटल्या बोटांकडे पाहत होती. "म्हटलं, निमानं सांगतलं ना. मंग काऊन पाहाचं?"

दोन वर्षं मी कापणाऱ्यांवर, अंगठे देणाऱ्यांवर, भाऊजींवर, त्या पिवळ्या तोंडावर दात खात होते. आईने पोरीच्या हातात जन्मभरासाठी ठेवलेली एक सवय होती, तिला कारण नव्हतं आणि ती बरोबर होती. मी कारण घेऊन गेले आणि ती काढून घेतली. रागवायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"बंद कर तो," ताई म्हणाली.

मी बटण बंद केलं. ती उठली, पायात चप्पल सरकवली, कूलरपाशी आली. उजवा हात पुढे केला. बोटं वळलेली असल्यामुळे हाताची पाठच आधी पुढे येते. ती तिने पत्र्याला टेकवली, आईसारखी, क्षणभर. मग मला म्हणाली चालू कर, आणि पुन्हा टेकवली. पंख्याच्या वाऱ्याने तिच्या पदराचं टोक हललं.

"विश्वास नाई ना राह्यला माह्यावर?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारून गेले.

"आहे ना. तुह्यावर आहे," ती म्हणाली. "कूलरवर नाई. तू लाव आता."

मी हात पुढे केला. तळहात, नेहमीसारखा. तिने डाव्या हाताने माझ्या तळहातावर चापटी मारली.

"उलटा."

मी हात उलटा केला आणि पत्र्याला लावला. काऊन, असं मी विचारलं नाही.